कोंदण आपलं, हिरा दुसऱ्याचा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

‘आमच्या वेबसाइटवर व्हिडिओ आहे,’ असं आपण अगदी सहज बोलून जातो. शाळेची साइट असो, एखाद्या संस्थेची असो, नाहीतर वर्तमानपत्राची असो; पानाच्या मधोमध एक चौकट दिसते, चौकटीत तिकोनी खूण असते, तिच्यावर बोट टेकवलं की चित्र हलायला लागतं. बघणाऱ्याला वाटतं, हे सगळं याच पानात आहे. बहुतेक वेळा ते तिथे नसतं. चित्र येतं दुसरीकडून, आवाज येतो दुसरीकडून, ती तिकोनी खूणसुद्धा दुसऱ्याचीच असते. आपल्या पानानं फक्त जागा दिलेली असते.

संगणकवाले याला ‘एम्बेड करणं’ म्हणतात. मराठीत याला काय म्हणावं, हा प्रश्न मला पडला. ‘अंतःस्थापित करणे’ असा शब्द परिपत्रकात शोभेल, पण तो उच्चारताना जीभ अडखळते. मग मला सराफा आठवला. सोनार खडा ‘जडवतो’, आणि ज्या खाचेत तो बसवतो तिला ‘कोंदण’ म्हणतो. हा शब्द मला पटला. फरक एकच. सोनाराकडून अंगठी घरी आणली की खडाही तिच्याबरोबर घरी येतो. इथे कोंदण तुमच्या बोटात, आणि हिरा मात्र त्याच्या मालकाच्या तिजोरीत. तुमच्याकडे येते ती फक्त झळाळी. मालकानं तिजोरी बंद केली की कोंदण रिकामं.

मी मराठी घेऊन बी. ए. झालेला माणूस. संगणकाशी माझा संबंध कविता टाइप करण्यापुरता. पण आमच्या जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या या काठाला, माझा भाचा आणि त्याचे दोन मित्र सध्या एक वेब ॲप्लिकेशन तयार करताहेत. वेब ॲप्लिकेशन म्हणजे नुसतं वाचायचं पान नव्हे, तर काम करणारं पान. रेल्वेचं आरक्षण आपण ज्यावर करतो ते, बँकेचा हिशेब ज्यावर बघतो ते. या मुलांच्या ॲप्लिकेशनचं काम असं : शहरात आजवर झालेली कविसंमेलनं, मुशायरे, घरगुती बैठका यांची जी काही चित्रणं लोकांकडे पडून आहेत, ती एका जागी लावायची. डाव्या बाजूला कवी वाचतोय, उजव्या बाजूला त्याच्या कवितेच्या ओळी, आणि तो जी ओळ म्हणतोय ती त्या क्षणी ठळक व्हायची. ओळी तपासायला त्यांना कुणीतरी हवं होतं, म्हणून मला बसवलं. तिथे बसून जे बघितलं, विचारलं आणि समजून घेतलं, ते आज सांगतो.

आधी थोडा इतिहास. इंटरनेटवर व्हिडिओ बघणं हे २००५ पूर्वी एक दिव्य होतं. प्रत्येक कंपनीचा प्लेअर वेगळा. रिअल प्लेअर एकाचा, विंडोज मीडिया दुसऱ्याचा, क्विकटाइम तिसऱ्याचा. पानावर गेलं की ‘अमुक प्लग-इन नाही, ते आधी उतरवून घ्या’ अशी सूचना यायची, आणि सायबर कॅफेत तासाला पैसे मोजणारा माणूस हे उतरवून घेईपर्यंत त्याची वेळ संपलेली असायची. फ्लॅश नावाच्या तंत्रानं हा गोंधळ बराच मिटवला, कारण ते बहुतेक संगणकांवर आधीपासूनच असे. त्याच्याच खांद्यावर यूट्यूब उभं राहिलं. २३ एप्रिल २००५ रोजी तिथे पहिला व्हिडिओ चढवला गेला. १९ सेकंदांचा. संस्थापकांपैकी एक असलेला जावेद करीम हा तरुण सॅन डिएगोच्या प्राणिसंग्रहालयात हत्तींसमोर उभा राहून त्यांच्या सोंडेविषयी दोन वाक्यं बोलतो, एवढंच त्यात आहे. दीड वर्षात, ऑक्टोबर २००६ मध्ये, गूगलनं ही कंपनी १६५ कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं.

हे इतक्या झपाट्यानं का वाढलं? लोक त्या साइटवर जात होते हे खरं, पण ती साइटही लोकांच्या घरी येत होती. प्रत्येक व्हिडिओशेजारी संकेतांची एक छोटी ओळ दिलेली असे. ती उचलायची, आपल्या पानात चिकटवायची, झालं. मायस्पेसवर आपलं पान थाटून बसलेल्या लाखो अमेरिकी पोरांनी ती ओळ उचलली, आणि प्रत्येकाचं पान हा यूट्यूबचा एकेक फलक झाला. आपली विहीर गावभर पोचवायची असेल तर घरोघरी नळ द्यावेत, असा तो हिशेब होता.

फ्लॅशचे दिवस पुढे भरले. आयफोननं त्याला कधी घरात घेतलंच नाही. एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्जनं जाहीर पत्र लिहून त्याची कारणं सांगितली : बॅटरी खातो, सुरक्षित नाही, आणि एकाच कंपनीच्या हातात आहे. दरम्यान एचटीएमएल या पानाच्या मूळ भाषेतच व्हिडिओसाठी स्वतंत्र खूण आली. ऑक्टोबर २०१४ मध्ये एचटीएमएल ५ ला अधिकृत मान्यता मिळाली, जानेवारी २०१५ मध्ये यूट्यूबनं नवी पद्धत सर्वांसाठी लावली, आणि ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश कायमचं बंद झालं. फ्लॅशमध्ये जडवलेली कित्येक पानं त्यानंतर मुकी झाली. ती तशीच आहेत.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आज जडवण्याचं काम करतो तो ‘आयफ्रेम’. पानात पाडलेली खिडकी. मायक्रोसॉफ्टनं १९९६ मध्ये आपल्या ब्राउझरमध्ये ती आणली आणि पुढच्याच वर्षी ती एचटीएमएलच्या नियमांत बसली. या खिडकीतून आपल्याला दुसऱ्या साइटचं संपूर्ण पान दिसतं. आपण फक्त चार गोष्टी ठरवतो : खिडकी किती रुंद, किती उंच, पानात कुठे, आणि ती कोणत्या पत्त्यावर उघडते.

त्या पत्त्याची एक गंमत आहे. यूट्यूबच्या प्रत्येक व्हिडिओला ११ अक्षरांचं नाव असतं. इंग्रजी मोठी अक्षरं २६, छोटी २६, आकडे १०, शिवाय एक आडवी रेघ आणि एक खालची रेघ, अशा ६४ चिन्हांतून ती ११ निवडलेली असतात. मोठं ‘ए’ आणि छोटं ‘ए’ हे तिथे वेगवेगळे. त्यामुळे हे नाव वहीवर हातानं उतरवून घेणाऱ्याची हमखास फसगत होते. ते उचलून चिकटवावं हेच बरं. दुसरी गोष्ट, व्हिडिओ बघण्याचा पत्ता वेगळा आणि जडवण्याचा वेगळा. भाच्याच्या एका मित्रानं पहिल्या दिवशी बघण्याचा पत्ता खिडकीला दिला. खिडकीत एक करडा कागद लटकला : जोडणी नाकारली. झालं होतं असं की, यूट्यूबनं आपलं मुख्य दार खिडकीत दाखवायला मनाई केलेली आहे आणि जडवणाऱ्यांसाठी बाजूचं दार ठेवलं आहे. पत्त्यात ‘एम्बेड’ हा शब्द आला की ते बाजूचं दार उघडतं.

मनाई कशासाठी? कारण खिडकीतून फसवताही येतं. समजा, कुणी आपल्या पानात तुमच्या बँकेचं पान पारदर्शक करून ठेवलं आणि त्याच्याखाली ‘बक्षीस घ्या’ असं बटण दाखवलं. तुम्ही बक्षिसावर बोट ठेवलंत, पण ते टेकलं बँकेच्या बटणावर. २००८ मध्ये या युक्तीचा बराच गवगवा झाला, आणि पुढच्या वर्षापासून ब्राउझरांनी साइटवाल्यांना सोय दिली : ‘मला कुणाच्या खिडकीत दाखवू नका’ असं आपल्या पानाबरोबर सांगून ठेवायचं. बँका ते सांगतात. सांगितलंच पाहिजे.

पण खिडकी पाडून आमचं काम भागणार नव्हतं. कवी कोणत्या ओळीवर आहे, हे आमच्या पानाला कळायला हवं. आणि इथेच खरी अडचण येते. ब्राउझरमध्ये १९९५ पासून एक नियम आहे : एका घरातून आलेल्या पानानं दुसऱ्या घरातून आलेल्या पानाच्या आत डोकावायचं नाही. दोन्ही एकाच पडद्यावर, एकमेकांना चिकटून असले तरी नाही. हा नियम नसता तर कुठल्याही फालतू पानानं आपल्या खिडकीत तुमचं टपाल उघडून वाचलं असतं. मी विचारलं, ‘मग त्या प्लेअरला विचारायचं तरी कसं?’ भाचा म्हणाला, ‘मामू, अपना घर अपना, उनका घर उनका. बीच में सिर्फ चिठ्ठी.’

खरोखरच चिठ्ठीच. आपलं पान खिडकीपलीकडे एक छोटा निरोप टाकतं : चालू कर, थांब, अमुक सेकंदावर जा. पलीकडचा प्लेअर उत्तर देतो. त्यानं ठरवलेल्याच प्रश्नांची, त्यानं ठरवलेल्याच भाषेत. त्याची अवस्था तो आकड्यांत कळवतो. उणे १ म्हणजे अजून सुरुवात नाही, शून्य म्हणजे संपलं, १ म्हणजे चालू आहे, २ म्हणजे थांबवलंय, ३ म्हणजे पुढचा भाग येण्याची वाट बघतोय, ५ म्हणजे तयार बसलोय. मधला ४ गाळलेला आहे. या सहा आकड्यांवर पुष्कळ काही उभं करता येतं. शून्य आलं की पुढच्या कवीचं नाव वर आणा. २ आलं की वाचकानं कुठे सोडलं ते लिहून ठेवा, म्हणजे उद्या तो परत आला की तिथूनच पुढे.

यातला ३ हा आकडा मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. तो समजण्यासाठी व्हिडिओ येतो कसा, ते सांगावं लागेल. पूर्वी फाइल सलग यायची. आता बहुतेक ठिकाणी व्हिडिओचे काही-काही सेकंदांचे तुकडे केलेले असतात, आणि प्रत्येक तुकडा चार-सहा प्रतींमध्ये तयार असतो, एक बारीक-अंधूक, एक मध्यम, एक लखलखीत. तुमचं नेटवर्क कसं चाललंय ते बघून प्लेअर पुढचा तुकडा कोणत्या प्रतीतला मागवायचा ते ठरवतो. म्हणून पुलावरून जाताना कवीचा चेहरा पुसट होतो आणि पलीकडे गेलं की परत उजळतो. अगदीच रेंज गेली की तुकडा येत नाही, चक्र फिरत राहतं, आणि प्लेअर ३ हा आकडा पाठवतो.

आता बघा. मुलांनी सुरुवातीला ओळी ठळक करण्यासाठी स्वतःचं घड्याळ लावलं होतं. व्हिडिओ सुरू झाल्यापासून १२ सेकंदांनी पहिली ओळ, १९ सेकंदांनी दुसरी. चांगल्या वायफायवर ते झकास चाललं. मोबाइलवर मात्र चक्र फिरू लागलं की कवी गप्प आणि ओळी पुढे. मिसरा पुढे गेला नि शायर मागे राहिला, असा प्रकार. उपाय साधा निघाला : आपलं घड्याळ फेकायचं आणि दर पाव सेकंदाला प्लेअरलाच विचारायचं, ‘कितव्या सेकंदावर आहात?’ तो सांगेल तीच वेळ खरी.

याहून अवघड होता तो मुशायऱ्याचा रिवाज. शायर पहिला मिसरा म्हणतो, लोक ‘मुकर्रर’ म्हणतात, तो पुन्हा म्हणतो. कधी तिसऱ्यांदाही. मग मधेच थांबून समोरच्या कुणाला सलाम करतो. मराठी कविसंमेलनातही ‘वन्स मोअर’ असतोच. कवितेत चौदा ओळी आणि व्हिडिओत बावीस. त्यामुळे ‘पुढची ओळ’ ही कल्पनाच चालत नाही. मग आम्ही प्रत्येक व्हिडिओची एक यादी केली : अमुक सेकंद, तमुक ओळ. दुसरी ओळ तीनदा म्हटली असेल तर ती यादीत तीनदा. हे काम यंत्रानं होण्यासारखं नव्हतं. मी कान लावून ऐकायचो आणि सेकंद सांगायचो, भाचा लिहायचा. पाच मिनिटांच्या गझलेला पाऊण तास लागायचा. पण एक सांगतो, ज्या गझला मी वर्षानुवर्षं नुसत्या कागदावर वाचल्या होत्या, त्यातला कुठला शेर लोकांनी खरोखर उचलून धरला होता, ते मला या याद्यांनी दाखवलं.

काही गोष्टी आटोपशीर सांगतो. पान उघडताच व्हिडिओ आपोआप सुरू व्हावा, असं प्रत्येक नव्या मुलाला वाटतं. ब्राउझर ते करू देत नाहीत. क्रोमनं एप्रिल २०१८ पासून आवाजासकट आपोआप सुरू होणं जवळपास बंद केलं. मुका व्हिडिओ चालतो. आता मुशायरा मुका सुरू करून काय मिळवायचं? आम्ही ते सोडून दिलं. प्लेअर फार लहान करू नये, २०० बाय २०० ठिपक्यांपेक्षा कमी जागा दिलेली यूट्यूबला चालत नाही. त्याच्यावर आपला बोधचिन्हाचा शिक्का मारायलाही मनाई आहे. दुसऱ्याच्या हिऱ्यावर आपलं नाव कोरण्याचाच तो प्रकार. आणि एका पानावर वीस खिडक्या उघडू नयेत. कुणी बोट लावो न लावो, प्रत्येक खिडकी आपला सरंजाम घेऊन येते, काही शे केबींचा, कधी एक एमबीच्या घरातला. खेड्यातल्या माणसाचा डेटा त्यात जातो. म्हणून शहाणे लोक आधी नुसतं चित्र लावतात आणि बोट टेकल्यावरच खिडकी उघडतात.

खिडकीतून आपण बघतो तसं पलीकडचाही बघत असतो, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. कोण आलं, काय बघितलं, याची खूण तो वाचकाच्या ब्राउझरमध्ये ठेवू शकतो. ती टाळण्यासाठी यूट्यूबनंच ‘नो-कुकी’ नावाचा वेगळा पत्ता दिला आहे. त्यानं सगळं थांबतं असं नाही, पण बरंच कमी होतं. शाळांनी तरी तोच वापरावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाळांवरून आठवलं. ही विद्या महाराष्ट्रात सर्वांत जास्त कुणी वापरली असेल, तर ती जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द सरकारी कागदात रुळण्याच्या आधीपासून आपापल्या ब्लॉगवर कवितांचे, पाढ्यांचे, प्रयोगांचे व्हिडिओ जडवणारे गुरुजी आणि बाई आपल्याकडे होत्या. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. त्यांनी पाठ्यपुस्तकाच्या छापील पानावरच क्यूआर कोड लावले. मोबाइल धरला की धड्याचा व्हिडिओ, कवितेची चाल. म्हणजे कोंदण थेट कागदात. २०१७ मध्ये राज्यानं ही कल्पना सर्व इयत्तांसाठी घेतली, आणि डिसेंबर २०२० मध्ये डिसले यांना दहा लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली.

२०१७ च्या शिक्षकदिनी केंद्र सरकारनं ‘दीक्षा’ सुरू केलं. बालभारतीच्या पुस्तकातला कोड त्यावर उघडतो. कोडच्या खाली सहा अक्षरी संकेतही छापलेला असतो, कॅमेरा चालला नाही तर तो टाइप करायचा. यूट्यूबची ११ अक्षरं आणि दीक्षाची सहा, पण फरक आकड्यांपुरता नाही. ‘दीक्षा’ ज्या ‘सनबर्ड’ या पायावर उभी आहे तो सर्वांसाठी खुला आहे, त्याचे संकेत कुणालाही वाचता येतात, आणि त्यात व्हिडिओसाठी, पीडीएफसाठी असे आपले स्वतःचे प्लेअर आहेत. शिवाय धडा मोबाइलवर उतरवून ठेवता येतो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी हाक आली, तेव्हा रेंज नसलेल्या वाडीवरच्या पोराला या उतरवून घेण्याचाच आधार होता. खिडकीत हे होत नाही. रेंज गेली की खिडकी बंद.

आणि खिडकी रेंज असतानाही बंद होते, हे त्याच वर्षानं दाखवलं. २९ जून २०२० रोजी भारत सरकारनं टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी घातली. निर्णयाची कारणं वेगळी होती, त्यावर मी बोलत नाही. पण बातम्यांच्या पानांत, ब्लॉगांत जिथे जिथे टिकटॉकचे व्हिडिओ जडवले होते, तिथे भारतातल्या वाचकाला काहीच दिसेना. दुसरं उदाहरण तर सर्वोच्च न्यायालयाचं. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाचं कामकाज थेट दाखवायला सुरुवात झाली. २० सप्टेंबर २०२४ रोजी न्यायालयाची यूट्यूब वाहिनी कुणीतरी हॅक केली आणि तिथे आभासी चलनाची जाहिरात दिसू लागली. वाहिनी परत ताब्यात आली. पण मधल्या काळात ज्यांनी ज्यांनी त्या वाहिनीला आपल्या पानात खिडकी दिली होती, त्यांच्या हातात काहीही नव्हतं.

आमच्या संग्रहातही एक जागा अशी रिकामी झाली. आमच्या भागातले एक ज्येष्ठ शायर होते. छापलेलं फारसं नाही. जे होतं ते तोंडपाठ. त्यांचं एका बैठकीतलं वाचन लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका माणसानं टिपलं होतं आणि स्वतःच्या चॅनेलवर टाकलं होतं. आम्ही ते रीतसर जडवलं. मी बसून यादी केली. दोन महिन्यांनी त्या माणसानं धंदा बंद केला, चॅनेलही काढून टाकलं. त्याच्या दृष्टीनं ती जुन्या लग्नांची अडगळ होती, आणि ती ठेवायची की नाही हा त्याचा हक्क होता. हार्डडिस्क त्यानं आधीच पुसून दुसऱ्याला विकली होती. शायरांचं निधन त्याच्या आधीच झालेलं. आता त्या पानावर उजवीकडे ओळी आहेत, डावीकडे काळी चौकट. आणि आमच्याकडे यादी आहे : १ मिनिट ४० सेकंदांना मतल्याची पहिली ओळ, १ मिनिट ५२ ला तीच, २ मिनिटं ६ सेकंदांना तीच तिसऱ्यांदा. त्या ओळीला लोकांनी दोनदा परत मागितलं होतं, हे आम्हाला माहीत आहे. ती त्यांनी कशी म्हटली होती, ते आता ऐकवता येत नाही.

त्यानंतर मुलांनी सगळी रचना बदलली. पूर्वी ११ अक्षरी नाव हीच व्हिडिओची ओळख होती. आता प्रत्येक वाचनाला आमचा स्वतःचा क्रमांक आहे. त्यापुढे कवी, तारीख, ठिकाण, कविता, सेकंदांची यादी, आणि व्हिडिओचा पत्ता हा नुसता एक रकाना. पत्ता बदलला तर तेवढा रकाना बदलायचा, बाकी काही हलत नाही. रकानेही दोन आहेत : एक यूट्यूबचा, दुसरा ‘इंटरनेट आर्काइव्ह’चा. अमेरिकेतली ही ना-नफा संस्था १९९६ पासून जुनं-पुरातन जपण्याचं काम करते, आणि तीही जडवण्याची सोय देते. प्लेअर रोज तपासायचा, आणि त्यानं चूक कळवली तर दुसऱ्या रकान्यातला पत्ता उघडायचा. चुकीलाही आकडे आहेत. १०० म्हणजे व्हिडिओ काढला किंवा खासगी केला. १०१ आणि १५० या दोन्हींचा अर्थ एकच : मालकाला तो जडवलेला नकोय. १०० आला की आम्ही दुसरा पत्ता लावतो. १०१ किंवा १५० आला तर मात्र लावत नाही. मालकाला आधी फोन करतो. ही अट मी घातली. मुलांना ती जाचक वाटली होती.

सगळं स्वतःच्याच सर्व्हरवर का ठेवत नाही, असं लोक विचारतात. हिशेब सांगतो. बऱ्यापैकी स्पष्ट असा दहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण ११० एमबी भरतो. हजार लोकांनी बघितला की ११० जीबी पाठवावे लागतात. एका गझलेसाठी. हा खर्च आमच्यासारख्यांच्या आवाक्यातला नाही, म्हणूनच दुसऱ्याच्या तिजोरीचा आश्रय. पण मूळ प्रत आमच्याकडे असलीच पाहिजे, तीही दोन हार्डडिस्कवर, आणि त्या दोन डिस्क दोन वेगळ्या घरांत. मूळ प्रत हाती नसेल तर आता आम्ही व्हिडिओ जडवतच नाही. आधी मालकाकडे जाऊन फाइल मागतो.

आणि कवीची परवानगी. जडवलेला व्हिडिओ म्हणजे नक्कल की नुसता निर्देश, यावर जगातल्या न्यायालयांत एकमत नाही. युरोपीय न्यायालयानं २०१४ मध्ये, जे आधीच सर्वांसाठी खुलं आहे ते खिडकीतून दाखवणं हा नवा प्रकाशनव्यवहार नाही, अशी भूमिका घेतली. अमेरिकेत काही न्यायाधीशांनी उलटंही म्हटलं आहे. आपल्याकडे कवितेचा हक्क कवीच्या निधनानंतर ६० वर्षं त्याच्या वारसांकडे असतो. कायद्याच्या कीसात न शिरता आम्ही घरी जातो, चहा घेतो, आणि एका कागदावर सही आणतो. बहुतेक घरांतून सहीबरोबर आणखी एखादी कॅसेटही मिळते.

त्या कॅसेटींविषयी एकच सांगायचं आहे. व्हीएचएस असो, मिनी-डीव्ही असो. ती माळ्यावर पत्र्याखाली ठेवू नका, उन्हाळ्यात तिथली फीत चिकटते. स्पीकरजवळ ठेवू नका. बुरशी दिसत असेल तर ‘चालते का बघू’ म्हणून जुन्या मशीनमध्ये घालू नका, मशीन फीत खातं. उभी ठेवा, कोरड्या कपाटात, आणि वर पेन्सिलीनं कार्यक्रम, गाव आणि साल लिहा. साल आठवत नसेल तर त्या वर्षी घरात कुणाचं लग्न झालं होतं ते लिहा. आम्ही त्यावरून साल काढतो.